स्लेज कोण ओढणार

विवेक आणि प्रमोदिनीला बर्फात तंबू ठोकून राहण्याचं वेड लागलं, त्याला काही वर्षं झाली होती. दोघंही राहायला डब्लिनच्या दक्षिणेला, टॅलामध्ये. आयर्लंडमध्ये राहून असलं वेड बाळगणं तसं गैरसोयीचंच, कारण इथे बर्फ पडला तर त्याची बातमी होते आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. म्हणून दर हिवाळ्याच्या शेवटी ते आठवडाभर नॉर्वेच्या पठारावर जायचे. पायाला लांब स्की बांधायच्या, सामानाची स्लेज मागे ओढायची, संध्याकाळी जागा बघून तंबू लावायचा, बर्फ वितळवून चहा करायचा. प्रमोदिनी टॅलाच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. तिथल्याच एका सहकारी डॉक्टरणीने तिला पहिल्यांदा या वाटेला लावलं आणि तिने विवेकला.

कामाची वाटणी पहिल्याच वर्षी होऊन गेली होती. त्याबद्दल कोणी कधी बोललंही नव्हतं. प्रमोदिनी नकाशा घेऊन पुढे जाणार आणि विवेक स्लेज ओढणार. तंबू, स्टोव्ह, इंधन, शिधा, झोपायच्या जाड पिशव्या, सगळा बोजा त्याच्या कमरेच्या पट्ट्याला. विवेक मूळचा नागपूरचा, अंगापिंडाने दणकट. कॉलेजात कबड्डी खेळलेला. सँट्रीच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला वर्षातून आठ दिवस बैलासारखं राबायला मिळतं, याचंच त्याला अप्रूप होतं.

२०२०च्या फेब्रुवारीत ते असेच जाऊन आले आणि महिन्याभरात सगळं जगच दार लावून बसलं. एप्रिलमध्ये विवेकला कोविड झाला. साधा तापच म्हणून घरी काढलेले पहिले काही दिवस संपले आणि एका सकाळी जिन्याच्या चौथ्या पायरीवर तो बसला तो उठेना. त्याला हॉस्पिटलात दाखल केलं. व्हेंटिलेटरपर्यंत वेळ आली नाही, पण ऑक्सिजनवर बरेच दिवस काढावे लागले. त्याच इमारतीत, दोन मजले वर, प्रमोदिनी दुसऱ्यांच्या नवऱ्यांना नळ्या घालत होती. नियम असा की तिला खाली येऊन त्याला बघता यायचं नाही. ती फोनवर त्याच्या नर्सला आकडे विचारायची आणि पुढच्या पेशंटकडे वळायची.

तो घरी आला, हळूहळू सावरला, घरूनच कामालाही लागला. सप्टेंबरपर्यंत कोणी विचारलं की तो “ग्रँड” म्हणायचा. आयरिश लोकांकडून उचललेला हा शब्द त्याला फार सोयीचा पडला होता. त्यात बरं वाटतंय हेही येतं आणि पुढे विचारू नका हेही येतं. जिना चढताना तो मधल्या वळणावर थांबून खिडकीबाहेर बघायचा. प्रमोदिनी ते बघायची आणि बोलायची नाही.

ऑक्टोबरात त्यानेच विषय काढला. येत्या मार्चपर्यंत विमानं नक्की सुरू होतील, आपण जायचं, आणि या वेळी भाड्याच्या झिजलेल्या स्की नकोत, आपापल्या विकत घेऊ. प्रमोदिनी लगेच हो म्हणाली. तिने इतकं पटकन हो म्हणावं, याचं त्याला जरा नवल वाटलं, पण त्याने ते मनावर घेतलं नाही.

मग तो संशोधनाला लागला. लॉकडाऊनच्या त्या लांबलचक संध्याकाळी त्याला एक कामच मिळालं. डोंगरउतारावरून घसरायच्या स्की वेगळ्या, सपाटीवर धावायच्या वेगळ्या, आणि आपल्याला हव्या त्या या दोन्हींच्या मधल्या. लांब घेतल्या तर सरळ आणि वेगात जातात, आखूड घेतल्या तर वळायला सोप्या. कडेला पोलादी पट्टी असली तर टणक बर्फावर पाय सरकत नाही. तळाला माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते, ती पुढे घसरू देते आणि मागे जाऊ देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो मधला बाक. स्की जमिनीवर ठेवली तर मध्ये उचललेली असते, छोट्या पुलासारखी. दोन्ही पायांवर उभं राहिलं तर तो बाक तसाच राहतो आणि माणूस अलगद घसरतो. एका पायावर सगळा भार दिला की बाक दबतो, मधली नक्षी बर्फाला चिकटते आणि पुढे ढकलायला जोर मिळतो. म्हणून स्की माणसाच्या वजनाला साजेशी लागते.

विवेकने आपलं वजन धरलं, त्यात पाठीवरच्या सॅकचं आणि ओढायच्या स्लेजचं मिळवलं आणि त्या हिशेबाने चांगल्या लांब, ताठ बाकाच्या स्की निवडल्या. जड ओझ्याला भक्कम स्की, यात त्याला काही चुकीचं दिसेना. प्रमोदिनीसाठीही त्याने एक जोडी हेरून ठेवली होती, हलकी आणि निमुळती, पुढे चालणाऱ्या माणसाला शोभेल अशी. पण तिने परस्पर भलतंच मागवलं. रुंद, आखूड, मऊ बाकाच्या स्की. शिवाय तळाला पुढून मागपर्यंत चिकटवायच्या केसाळ पट्ट्या. कुत्र्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस अडतात, तशा त्या पट्ट्या बर्फात अडतात. चढावर पाय मागे येत नाही, पण सपाटीवर वेगही येत नाही.

विवेकने तिला समजावून पाहिलं. म्हणाला, या तर नांगराच्या फाळासारख्या चालतील, तुला ओढायचं काहीच नाही तर एवढी पकड कशाला? प्रमोदिनी म्हणाली की मला अशाच आवडल्या. एवढं बोलून ती ड्यूटीला निघून गेली.

त्या रविवारी विवेकने नागपूरला आईला व्हिडिओवर कौतुकाने बेत सांगितला. लीलावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काहून रे, घरात गादी कमी पडून राहिली का तुले, तं बर्फात झोपाले जातं?” मग त्यांनी फोन सुनेकडे द्यायला सांगितला आणि बराच वेळ तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. काय बोलणं झालं ते प्रमोदिनीने सांगितलं नाही.

डिसेंबरात खोकी आली. विवेकने सोफा भिंतीला सरकवला, बैठकीच्या लाकडी फरशीवर आपली जोडी मांडली आणि बूट अडकवून उभा राहिला. नवी स्की पायाला जुळते का, हे बघायची एक साधी रीत आहे. कोणीतरी पायाच्या खाली, बाकाच्या जागी कागद सरकवून बघायचा. दोन्ही पायांवर उभं असताना कागद मोकळा सरकला पाहिजे आणि एका पायावर सगळा भार दिल्यावर तो अडकला पाहिजे. प्रमोदिनी विजेच्या बिलाचा कागद घेऊन गुडघ्यावर बसली.

दोन्ही पायांवर असताना कागद मोकळा सरकला. विवेक खूश झाला. मग त्याने डावा पाय उचलून सगळा भार उजव्यावर घेतला. प्रमोदिनीने कागद ओढला. तो तसाच सहज बाहेर आला. तिने पुन्हा घातला, पुन्हा ओढला. तो नीट उभा नसेल म्हणून त्याने भिंतीला टेकवलेला हात सोडला, गुडघा वाकवला, आणखी दाबून बघितलं. कागद अडकायचं नाव घेईना.

“अजून जोर दे,” ती म्हणाली.

“देतोय ना,” तो म्हणाला.

विवेकच्या लक्षात एक चूक आली. स्लेज मागून ओढते, वरून दाबत नाही. तिचं वजन स्कीवर येतच नाही, ते हिशेबात धरायला नको होतं. पण त्याने मनातल्या मनात मांडून बघितलं, तेवढ्याने एवढा फरक पडायला नको होता. दुसरी गोष्ट प्रमोदिनीने विचारली. वजन कधीचं धरलंस? त्याने गेल्या वर्षीचं धरलं होतं. एप्रिलनंतर तो काट्यावर उभाच राहिला नव्हता. बाथरूममधला काटा त्याने उन्हाळ्यात कधीतरी कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवून दिला होता. पट्ट्याला आतल्या बाजूने नवीन भोक पाडलं होतं, शर्ट सैल होत होते, आणि हे सगळं माहीत असूनही त्याने वेबसाइटवरच्या चौकटीत जुनाच आकडा लिहिला होता.

प्रमोदिनी म्हणाली, परत पाठवू या, मऊ बाकाच्या घे. तो म्हणाला, मार्चपर्यंत वजन भरून येईल. तिने कागद घडी करून खिशात ठेवला. तो विषय तिथेच राहिला.

जानेवारीत निर्बंध पुन्हा कडक झाले. व्यायामासाठीसुद्धा घरापासून पाच किलोमीटरच्या आतच राहायचं. पण टॅलाच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्यांचं एक बरं असतं, पाच किलोमीटरात डोंगर येतो. महिन्याच्या शेवटी दोन दिवस चांगला बर्फ पडला. खाली रस्त्यांवर त्याचा राडा झाला, पण बॅलिनास्कॉर्नीच्या वरच्या अंगाला, वनखात्याच्या वाटेवर तो टिकून राहिला. प्रमोदिनीला त्या दिवशी सुट्टी होती. दोघांनी स्की आणि नवी स्लेज गाडीत टाकली. स्लेज ओढायच्या ताठ दांड्या अजून आल्या नव्हत्या, म्हणून दोर घेतला. ओझं म्हणून शेगडीत जाळायच्या ब्रिकेटचे गठ्ठे घेतले.

वर अर्धं टॅला लोटलं होतं. मुलं चहाचे ट्रे, कचऱ्याच्या डब्याची झाकणं, खताच्या रिकाम्या पिशव्या, जे मिळेल त्यावरून घसरत होती. त्या गर्दीत ही दोन तपकिरी माणसं लांब स्की बांधून, लाल स्लेजमध्ये ब्रिकेट भरून निघाली, तेव्हा लोक वळून वळून बघायला लागले. विवेकने कमरेला पट्टा बांधला. प्रमोदिनीने केसाळ पट्ट्या आपल्या स्कीला चिकटवल्या आणि ती त्याच्या मागे राहिली. नेहमी ती पुढे असायची.

सपाटीवर तो बरा चालला. बर्फ पातळ होता, खालची खडी खरवडत होती, नव्या स्कीचे तळ खराब होतील म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. मग वाट चढायला लागली. पहिलं पाऊल टाकलं आणि त्याची स्की मागे सरकली. दुसरं टाकलं, तेही सरकलं. बाक दबतच नव्हता, मधली नक्षी बर्फाला शिवतच नव्हती. त्याने हातातल्या काठ्यांवर जोर देऊन स्वतःला वर ओढायला सुरुवात केली. खांदे भरून आले, श्वास वर आला. मागे दोर ताणलेला, स्लेज खाली खेचतेय. वळणाच्या अलीकडे त्याचे दोन्ही पाय एकदम निसटले, स्लेज उताराला लागली आणि त्याला उलटा ओढत घेऊन गेली. सगळा प्रकार वाटेच्या कडेच्या चरात संपला. तिथे बर्फाखाली पाणी होतं.

लागलं काहीच नव्हतं. पण त्याला उठता येईना, कारण श्वास पुरेना. छातीचा भाता नुसता हलत होता, हवा आत जात नव्हती असं त्याला वाटलं. एप्रिलमधल्या त्या पायरीवर वाटलं होतं तसंच. प्रमोदिनी स्की काढून चरात उतरली, त्याच्या पाठीमागे बसली आणि त्याला आपल्या अंगाला टेकवलं. नाकाने घे, ओठ मिटून हळू सोड, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. वरून जाणारे एक आजोबा थांबले, म्हणाले, तुमचा माणूस बरा आहे ना? ती म्हणाली, ग्रँड. विवेकला त्याही अवस्थेत हसू आलं आणि हसण्याने खोकला आला.

श्वास जागेवर आल्यावर ते तसेच चरात बसून राहिले. मग प्रमोदिनी बोलली. ती नेहमी ऑपरेशनच्या आधी पेशंटला सांगते तशी सावकाश बोलली.

“विवेक, मी या स्की का घेतल्या माहितीये? त्या पठारावर तुला असं झालं तर मी काय करणार, याचा विचार करून घेतल्या. तिथे फोन लागत नाही. तुला स्लेजवर घालून मला एकटीला ओढत आणता आलं पाहिजे.”

विवेकने चरात पडलेली आपली काठी ओढून घेतली.

“एप्रिलमध्ये दोन मजले खाली होतास,” ती म्हणाली, “तर मला काही करता आलं नाही. मी वर लोकांना झोपवत होते आणि मनात म्हणत होते, हा जिवंत राहिला तर पुढच्या वेळी मी हाताशी असेन. म्हणून तू बर्फात जायचं म्हणालास तेव्हा मी नाही म्हटलं नाही. आईंनासुद्धा तेच सांगितलं.”

विवेकला राग आला होता, पण कोणाचा ते सापडेना. आपली बायको आपल्याला ओढायच्या हिशेबाने स्की विकत घेते, हे ऐकून कोणत्याही माणसाला लागेलच. आणि त्याच वेळी, गेले नऊ महिने आपण जे लपवतोय असं समजत होतो, ते हिला आधीपासूनच सगळं ठाऊक होतं, हे कळून त्याला एक प्रकारची विश्रांतीही वाटली. शेवटी तो म्हणाला, “मला ओढून तर दाखव आधी.”

हे तो खरं तर चिडून म्हणाला. पण प्रमोदिनीने ते शब्दशः घेतलं. तिने ब्रिकेटचे गठ्ठे उतरवून कडेला रचले, त्याच्या कमरेचा पट्टा सोडवून स्वतःच्या कमरेला आवळला, आणि त्याला स्लेजमध्ये बसायला सांगितलं. तो बसला. त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते, स्की आडव्या मांडीवर. प्रमोदिनी पुढे वाकली. पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग तिच्या स्कीखालच्या पट्ट्यांनी बर्फ धरला आणि स्लेज चरचरत निघाली. चढाचं वळण तिने थांबत थांबत, तिरकं जात पार केलं. तिच्या मानेवर घाम दिसत होता. ट्रे घेऊन उभी असलेली मुलं बाजूला झाली. त्यांच्याबरोबरची एक बाई टाळ्या वाजवून, शाबासकी देत, “फेअर प्ले टू यू, मिसेस” म्हणाली आणि मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. विवेकला लाजेने कुठे तोंड लपवावं असं झालं. तरी वर पोचल्यावर तो उतरला तेव्हा पहिलं वाक्य तो एवढंच म्हणाला की तुझी पावलं छोटी पडतायत, पट्टा थोडा खाली बांध, कमरेऐवजी खुब्याच्या हाडावर घे. प्रमोदिनीने पट्टा खाली घेतला. म्हणाली, हो, बरंय असं.

परतताना वेगळीच पंचाईत झाली. विवेकने स्की काढून खांद्यावर घेतल्या होत्या, रचून ठेवलेले ब्रिकेट पुन्हा स्लेजमध्ये चढले होते, आणि प्रमोदिनी उताराला लागली. मागे नुसता दोर, ताठ दांड्या नाहीत. चढावर मागे खेचणारी स्लेज आता सुसाट पुढे आली आणि तिच्या टाचांवर आदळली. ती धपकन बसली. दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा विवेकने स्लेजच्या मागच्या कडीला जास्तीचा दोर बांधला, तो आपल्या पाठीमागून घेतला, टाचा बर्फात रोवल्या आणि म्हणाला, चल आता, मी धरतो. तशी ती जपून उतरत गेली आणि तो मागून दोर थोडा थोडा सोडत गेला. उताराला श्वास लागत नाही, वजन लागतं आणि लक्ष लागतं. तेवढं त्याच्यापाशी होतं. गाडीपाशी येईपर्यंत ती एकदाही पडली नाही.

त्या रात्री त्याने वजनकाटा बाहेर काढला.

मार्चचा बेत अर्थातच फिसकटला. नॉर्वेने सीमा बंद केल्या, इकडे लस यायला वेळ लागला. विवेकने त्या वर्षभरात रोज संध्याकाळी चालायचा नेम धरला, आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग पार्कापर्यंत, मग धरणाच्या वाटेने. जिन्याच्या वळणावर तो अजूनही थांबायचा, पण आता खिडकीबाहेर बघायचं नाटक करायचा नाही. वजन थोडं भरलं, सगळं भरलं नाही. उन्हाळ्यानंतर त्याने त्या लांब ताठ स्की विकायला काढल्या. ड्रोहेडाहून एक धिप्पाड आयरिश सुतार आला आणि एका नजरेत पसंत करून घेऊन गेला. स्वतःसाठी विवेकने प्रमोदिनीसारखीच रुंद, मऊ जोडी घेतली, पट्ट्यांसकट. या वेळी चौकटीत खरा आकडा लिहिला.

२०२१च्या डिसेंबरात, लसीची प्रमाणपत्रं दाखवून आणि नाकात काड्या घालून घेऊन, ते एकदाचे गेले. दिवस छोटा होता, म्हणून रोजची चाल त्यांनी छोटी ठेवली. चढ आला की स्लेज प्रमोदिनीकडे. उतार आला की विवेक मागे जाऊन दोर धरायचा, दांड्या आलेल्या असल्या तरी. तंबूची जागा दोघं मिळून बघायचे आणि त्यावरून थोडं भांडायचेही, ते पूर्वीसारखंच.

तिसऱ्या दिवशी एका गोठलेल्या तळ्यावर सपाटी लागली, तेव्हा त्याने पट्टा मागितला. तिने कारण विचारलं नाही, काढून दिला. तो बराच वेळ नीट ओढत होता. तळ्याच्या पलीकडच्या काठाला वाट चढायला लागली, तिथे तो थांबला, पट्टा सोडला आणि तिच्या हातात दिला.

“घे,” तो म्हणाला, “इथून तू.”

तिने पट्टा हाडावर आवळला आणि दोघं चढाला लागले.